वणव्याचं कलम

ऑस्ट्रेलियातल्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये राहणाऱ्या विनिताला घरचे बोलघेवडी म्हणत, पण तिचं पोट दुसऱ्यांच्या बोलण्यावर चालायचं. पुण्यात शिकलेली स्पॅनिश इथे कामी आली आणि ती दुभाषी झाली. कोविडने विमानं जमिनीला टेकवली, तशा परक्या देशांच्या वाटाघाटीही तिच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर येऊन बसल्या.

त्या खेपेला दोन हाडवैरी शेजारी देश होते. एक स्पॅनिश बोलणारा, एक इंग्रजी. नावं सांगायची तिला मनाई. युद्ध झालंच तर एकमेकांच्या नद्या अडवायच्या नाहीत, कृत्रिम पाऊस पाडून ढग पळवायचे नाहीत, एवढं कसंबसं ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते वणव्याच्या कलमावर: शत्रूचं रान पेटवायचं नाही. विनिताला हे कलम मनापासून हवं होतं. गेल्या उन्हाळ्यात इथलीच रानं पेटली, तेव्हा धुराने घुसमटलेल्या लेकीला, मयूराला, ती मांडीवर घेऊन बसली होती.

दुभाष्याला स्वतःचं मत नसतं, हे तिला पाठ होतं. पण रक्तात दत्तात्रयमामा होता ना! मामाने आयुष्यभर लग्नं जुळवली. मुलाकडचे गुरगुरले, "मानपान नीट झाला नाही तर मांडवात पाऊल ठेवणार नाही," की मामा मुलीकडे जाऊन सांगे, "मंडळी भारी हौशी आहेत हो!" याद्या होत, अक्षता पडत.

त्या सकाळी स्पॅनिशवाल्यांचा प्रमुख चिडून म्हणाला, "वारा आमच्याकडून तुमच्याकडे वाहतो. रान पेटलं तर कुणाचं जळेल, ते बघून घ्या."

विनिताच्या तोंडून इंग्रजीत गेलं, "वारा हद्द बघत नाही. रान पेटलं तर दोघांचंही जळेल."

पलीकडच्या प्रमुख बाईंचा चेहरा उजळला. "तुम्हीच असं म्हणताय, तर हेच वाक्य कलमात घालू या."

आता हे त्याला सांगायचं कसं? 'तुम्हीच म्हणताय' एवढं गाळलं की वाक्य बाईंचंच वाटलं असतं. मामाने डोळे मिटून गाळलं असतं. विनिताने मात्र दोन्ही भाषांत सांगितलं, "चूक दुभाष्याची आहे. मूळ वाक्य वेगळं होतं." आणि ती धमकी बाईंना जशीच्या तशी ऐकवली. बाईंनी कॅमेरा बंद केला. बैठक मोडली.

"अगं, गप्प बसायचं ना!" तिचा नवरा गुरुदत्त कळवळून म्हणाला. "डील झालं असतं. आता तुझं कॉन्ट्रॅक्टही गेलं."

"झालं असतं रे. पण तो शब्द माझा होता, त्यांचा नव्हता. पहिल्या ठिणगीला कोण पाळणार होतं तो?" एवढं बोलून ती रडलीच, कारण कलम आपल्याच हातून बुडालं, असं तिला वाटत होतं.

आठवड्याने एजन्सीचा फोन आला. बाईंनी अट घातली होती: स्वतःची चूक सांगणारी तीच दुभाषी हवी. दुसरी बाजूही कबूल झाली होती.

बैठक सुरू झाली. स्पॅनिशवाल्यांचा प्रमुख विनिताला म्हणाला, "त्या दिवशी माझ्या तोंडी घातलेलं वाक्य मला ऐकवा."

तिने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"हे मी बोललो नव्हतो," तो म्हणाला. "आता बोलतोय. लिहून घ्या."

विनिताने ते इंग्रजीत सांगितलं, एक अक्षरही इकडचं तिकडे न करता.