जाळीतला डंपर

मामाजींना घरात एकटं ठेवायचं असेल तर त्यांना काय काय जमायला हवं, याची यादी मी फ्रिजच्या दारावर लावली होती. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. गोळ्या वेळेवर घेणं, फोन उचलणं, न्हाणीत जाऊन येणं, झाकून ठेवलेलं जेवण वाढून घेणं, या सगळ्यांपुढे एकेक करून बरोबरची खूण झाली. एकच ओळ राहिली: समोरच्या दाराची कडी आतून काढणं.

लकवा मारून गेल्यापासून त्यांचा उजवा हात कोपराखाली सुस्त पडला होता. डाव्या हातात काठी असते आणि ती सोडली की तोल जातो. म्हणजे कडी उजव्याच हाताने निघायला हवी. सुतार बोलावून मी जुनी जड कडी काढली आणि हलकी, सरकती बसवून घेतली, तीही कमरेच्या उंचीवर. बोटं तिच्यापर्यंत पोचत, पण तिला धरत नसत. दार नुसतं लोटून ठेवावं, तर आमचं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वसाहत, चंद्रपूरच्या अगदी टोकाला, मागे झुडपी जंगल. शेजारच्या आवारात एकदा बिबट्या येऊन बसला होता. बाहेरून कुलूप लावून किल्ली शेजारी द्यावी, असं मी एकदा बोलून पाहिलं.

"म्हणजे मले कोंडतेस," ते म्हणाले.

पुन्हा तो विषय काढला नाही.

माझी नोकरी गडचिरोलीला, सरकारी कार्यालयात. सोमवारी जायचं, आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी परत यायचं, असं अनेक वर्षं चाललं होतं. नवरा छत्तीसगडमध्ये विजेचे टॉवर उभारण्याच्या कामावर असतो, महिन्यातून एकदा येतो. सासूबाई नाहीत. त्यामुळे रजा मीच टाकली होती आणि ती संपत आली होती. मी गेल्यावर सकाळी एक बाई येऊन जेवण करून ठेवणार होती, पण दार मामाजींनीच उघडायला हवं होतं. त्यात मे महिना. सकाळी आठला पडदे ओढायचे, कूलरमध्ये पाणी भरायचं आणि संध्याकाळपर्यंत दोघांनी एकाच अंधाऱ्या खोलीत बसायचं. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की खिडकीच्या काचा थरथरत. मामाजी मान न वळवता म्हणत, "आज उशीर केला." बस्स, एवढंच बोलणं.

फिजिओथेरपीच्या ताईंनी हातात दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो मला एका सकाळी कूलरच्या टाकीत तरंगताना सापडला. "मी काय लहान पोरगा आहो?" असं त्यांचं म्हणणं.

मग नवऱ्याने त्याचा जुना गेमचा डबा आणि त्याला जोडायचं स्टेअरिंग माळ्यावरून काढून दिलं. टेबलाला स्टेअरिंग आवळलं, टीव्हीला वायर लावली, बस चालवण्याचा एक गेम घातला. मामाजींनी आयुष्यभर कोळसा खाणीत डंपर चालवलेले, त्यामुळे स्टेअरिंग दिसल्याबरोबर ते खुर्ची ओढून बसले. पण सगळी बस डाव्या हाताने चालवायचे. उजवा मांडीवर.

"मामाजी, तो हातही लावा ना."

"बसले कशाले पाहिजेत दोन हात? बस तर पोट्टेही चालवतेत. डंपर असता तर गोष्ट वेगळी. डंपर एका हातानं चालत नाई."

मी हे वाक्य धरून ठेवलं. नवऱ्याला फोन केला. त्याने शोधून सांगितलं की खाणीचा एक नवा गेम येतोय, आणि त्याच्या जाहिरातीत पहिल्यापासून शेवटपर्यंत डंपरच आहे. ती जाहिरात मामाजींनी टीव्हीवर किती वेळा लावायला लावली, ते मी मोजलं नाही. पिवळा, घराएवढा डंपर लाल मातीच्या रस्त्याने खाली उतरतो, मागे धूळ. गेम महाग होता. पण पूर्ण किमतीला आणि बाजारात यायच्या आधीच घेऊन टाकला, कारण आला की मला तो त्याच दिवशी हवा होता. आमचं नेट असं की डाऊनलोड व्हायला अख्खी रात्र आणि वर दुसरी दुपार लागली.

मामाजींनी त्या दिवशी दाढी केली. डाव्या हाताने, त्यामुळे हनुवटीखाली थोडी राहिली.

गेम उघडला. खाणीचं यार्ड दिसलं. पाण्याचा टँकर, रस्ता सपाट करणारं ग्रेडर, एक जीप. आणि पलीकडे तो डंपर, भोवती तारेची जाळी, जाळीवर कुलपाचं चित्र. मी बटण दाबलं तर डंपरऐवजी दुकान उघडलं. डंपरचे पैसे वेगळे होते.

"काय झालं?" मामाजी म्हणाले. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून स्टेअरिंगवर आणून ठेवला होता. तो तिथेच होता.

मी नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, हल्ली असंच असतं, गेम निघतो त्याच दिवशी त्याचे काही तुकडे वेगळे विकायला ठेवतात. मी विचारलं की डंपरसाठी परत रात्रभर डाऊनलोड करावं लागेल का. तो म्हणाला, नाही, डंपर आधीच आपल्या डब्यात उतरलाय. पैसे भरले की फक्त कुलूप निघतं.

ते शेवटचं बोलायला नको होतं.

"म्हणजे गाडी आपल्या घरात येऊन उभी आहे," मामाजी म्हणाले, "अन् हे चावी विकून राह्यले?"

"तसंच समजा, बाबा."

"ठेव फोन."

त्यांनी उजवा हात उचलून परत मांडीवर ठेवला. मी म्हटलं, तोवर टँकर चालवून पाहा, रस्त्यावर पाणी मारायचं काम आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून चहा टाकायला गेले. टँकर खाणीत नव्या पोरांना देतात, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी काकाजी आले. काकाजी म्हणजे मामाजींचे खाणीतले सोबती; दोघांच्या पाळ्या वर्षानुवर्षं एकत्र असायच्या. आता ते दोन गल्ल्या सोडून राहतात आणि ऊन उतरलं की टॉवेल डोक्यावर टाकून येतात. मी कडी काढून दार उघडलं.

"जय भीम, सूनबाई. कुठी आहे बुढा? डंपर कोण्या खड्ड्यात पाडला?"

मामाजींनी टीव्हीकडे बोट दाखवलं. काकाजींनी चष्मा पुसून जाळी पाहिली, कुलूप पाहिलं, सगळी हकीकत ऐकून घेतली.

"अबे, हे तर लग्नात जेवाले बलावून भाजी वेगळी विकल्यासारखं झालं."

"भाजी नाई," मामाजी म्हणाले. "नवरदेव वेगळा विकून राह्यले."

काकाजी इतके हसले की खोकला लागला. मामाजीही हसले, पण पुढे सरळ म्हणाले, "म्या नाई चालवत. काम बंद."

"कोणाचं काम बंद? तुले कोण पगार देते?"

"कोणाचंही असो. बंद म्हणजे बंद."

काकाजी जाताना दाराशी थांबून मला हळूच म्हणाले, "भरून टाका पैसे, बाई. हा माणूस मानणारा नाई. आमच्या वक्ताले नवीन गाड्या आल्या होत्या, केबिनीत एसी होता अन् एसी चालू कराची मनाई. हा आठ दिवस गाडीखाली सावलीत बसून राह्यला, वर चढला नाई."

"मग एसी सुरू झाला?"

"झाला. पण तवापर्यंत पाऊस लागला होता."

त्या आठवड्यात बस चालवणंही बंद झालं. मामाजी टीव्हीसमोर बसत, पण टीव्ही बंद. ताईंनी दंड उचलून सोडला, तर तो आधीपेक्षा लवकर खाली पडला. रोज वापरला नाही तर आहे तेही जाईल, असं त्या माझ्यापाशी म्हणाल्या, मामाजींना ऐकू जाईल अशा आवाजात. मामाजींनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी यादीकडे पाहिलं, उरलेली रजा मोजली, आणि पैसे भरले. चोरून नाही. त्यांच्यासमोर बसून, टीव्हीवर, कार्डाचे आकडे एकेक करून टाकले. घेतल्याची पाटी आली, जाळी खाली पडली. खरंच दुसरं काही उतरलं नाही. पापणी लवायच्या आत झालं.

"घेतली चावी?" मामाजी म्हणाले.

"घेतली."

"मले विचारलं नाई."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

"म्हनूनच विचाराचं असते."

मी उठून कूलरमध्ये पाणी भरलं. दोन दिवस आम्ही त्या खोलीत असेच बसलो. ते खिडकीकडे तोंड करून, मी भाजी निवडत, मटकी निवडत, निवडून झालेली मटकी पुन्हा निवडत. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची रेघ भिंतीवरून सरकायची, तिच्यावरून किती वाजले ते मला कळायला लागलं होतं. माझ्या कार्यालयातून फोन आला, कधी येता? सोमवारी, मी म्हटलं. मामाजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

त्या संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "लाव. पाहून तर घेतो."

मी घाईने लावलं. डंपर निवडला तर गेमने थेट केबिनमध्ये नेऊन बसवलं. समोर काच, आरसे, खाली खाण.

"हे काय? मी वर कसा आलो?"

"बसा ना, मामाजी. चालवा."

"फेरी कुठी मारली?"

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. पाळीवर आलं की आधी गाडीभोवती पायी पूर्ण फेरी मारायची. टायर, तेलाचे थेंब, शिडी, दिवे बघायचे. मागे जोडीजोडीने चाकं असतात, त्या दोन चाकांच्या मधे दगड अडकतो, तो उतरणीवर सुटला तर मागच्या गाडीची काच फोडतो; तो वाकून बघायचा. काही खटकलं तर गाडी घेत नाही म्हणून सांगायचं. न पाहता गाडीवर चढायचं नाही.

"म्या आजपर्यंत न पाह्यलेली गाडी घेतली नाई. अन् हे तर खालून पाहूही देत नाई."

मी अक्षरशः कपाळाला हात लावला. मग नवऱ्याला मेसेज केला: गाडी बाहेरून बघता येते का? उत्तर आलं की स्टेअरिंगवरून येत नाही, हातात धरायचा कंट्रोलर जोडावा लागेल, त्यावरच्या उजवीकडच्या छोट्या दांडीने नजर गाडीभोवती फिरते. मी ड्रॉवरमधून कंट्रोलर काढला, चार्ज केला, मामाजींच्या डाव्या हातात दिला. डावा हात धरण्यात गुंतला. दांडीसाठी उजवा अंगठाच उरला.

हे मी ठरवून केलं नव्हतं. पण लक्षात आल्यावर मी एक शब्द बोलले नाही.

पहिल्यांदा अंगठा दांडीवर ठेवायलाच बराच वेळ गेला. घसरायचा. ते डाव्या हाताने कंट्रोलर तिरका करून अंगठ्याखाली आणायचे. मग डंपर जरासा वळला. मग आणखी. पुढचा टायर आला, शिडी आली, आणि अंगठा घसरल्यावर सगळं आकाशच दिसायला लागलं.

"वर नाई बे, खाली," ते अंगठ्याला म्हणाले.

मागच्या चाकांपर्यंत पोचले, पण दोन चाकांच्या मधलं काही दिसेना. तिथे नुसता काळोख होता. ते पुन्हापुन्हा नजर खाली वाकवून पाहत होते.

"मधात दिसत नाई. गाडी घेत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फेरी, पुन्हा "घेत नाई". तिसऱ्या दिवशीही तेच. डंपर एक फूटही हलला नाही. काकाजी येऊन बसायचे आणि ओरडायचे, "अबे, तिथी दगडच नाई टाकला त्यायनं, चित्र आहे ते!" मामाजी म्हणायचे, "तुले काय माहीत? तू तर फेरी न मारताच चढत होता." यावर दोघांचं कोण्या जुन्या पाळीवरून कडाक्याचं वाजायचं आणि अंगठा तेवढ्या वेळात चालत राहायचा. ताईंनी हात तपासला आणि पकड पुन्हा एकदा करून बघायला लावली.

रविवारी संध्याकाळी दारावर काकाजींची थाप पडली. माझी पिशवी अर्धी भरलेली होती. मी स्वयंपाकघरातच थांबले.

"मामाजी, माझे हात पिठाचे आहेत," मी आतून म्हटलं.

काठीचा आवाज दारापर्यंत गेला. मग कडीची खडखड. थांबली. पुन्हा खडखड.

"काय भाऊ," बाहेरून काकाजी, "हेही पैसे भरल्यावर उघडते का?"

"थांब ना बापा! तुले कोणती पाळी पकडाची आहे?"

मी परातीत हात तसेच धरून उभी. मग कडी सरकली, सबंध, खटकन, आणि दार उघडल्यावर बाहेरची गरम हवा स्वयंपाकघरापर्यंत आली. मी हात न धुताच बाहेर धावले. मामाजी चौकटीला खांदा टेकून उभे होते, घामाने निथळत, आणि काकाजी त्यांच्या पाठीवर थापा मारत होते.

"आता लावा," मी म्हटलं. म्हणजे सहजच म्हटलं.

मामाजींनी दार लोटलं. अंगठ्याने कडी उलट ढकलली. ती अर्ध्यावर आली. त्यांनी पुन्हा ढकलली. मग काठी काखेत धरायला गेले, झोक गेला, काकाजींनी सावरलं. पुन्हा एकदा. बोटं कडीवर होती, पण दार चौकटीला दाबून धरायचं आणि त्याच वेळी कडी ढकलायची, एवढं त्या हाताचं बळ नव्हतं. उघडण्याचा विचार मी महिनाभर केला होता. मी बाहेर पडल्यावर मागे दार कोण लावणार, याचा एकदाही नाही.

काकाजींनी कडी लावली आणि पाणी मागितलं.

मी आत जाऊन हात धुतले, फ्रिजवरच्या यादीत खाली एक ओळ वाढवली आणि कार्यालयात रजा वाढवण्याचा मेसेज टाकला. पिशवीतले कपडे परत कपाटात ठेवले. बाहेर आले तेव्हा मामाजी टीव्हीसमोर बसले होते.

"उद्या जातेस ना?"

"पुढच्या सोमवारी."

त्यांनी कंट्रोलर मांडीवर ओढून घेतला.

"लाव मंग," ते म्हणाले.