देवीची खोळ गळाली

मार्गशीर्षातला मंगळवार. खिशात दोनशे चाळीस रुपये, त्यांतले एक्कावन्न देवीसाठी वेगळे. माणसे दोनच: मी आणि पंचाहत्तरीची माझी आई.

आईच्या माहेरी देवीची खोळ (मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेले शेंदराचे कवच) आपोआप गळून पडल्याचा मामेभावाचा फोन आदल्या दिवशी आला होता. देवीला उघडी ठेवत नाहीत. दिवेलागणीआधी नवा शेंदूर चढणार होता. आईने देवीचा खरा चेहरा जन्मात पाहिला नव्हता. पहाटेच ती लुगडे नेसून तयार.

यवतमाळहून निघालेली एसटी दिग्रसजवळ अडली. जिनिंग कारखान्यासमोरच्या कापसाच्या गाड्या पार रस्त्यावर आलेल्या. भाव पडलेला, खरेदीचा काटा बंद. एका गाडीवाल्याने विचारले, "बुढीले घेऊन कुठं चालले, भाऊ?"

आईनेच सारे सांगितले.

"मंग बसून कायले राह्यल्या? रांगेच्या पुढं ऑटो भेटते. अन् आजी, देवीले म्हणा, आमचा काटा चालू कर!"

रांगेच्या कडेने आई माझ्यापुढे चालत होती.

माहेरचे देऊळ काळ्या दगडाचे, चुन्यावाचून दगडात दगड बसवलेले. गुरव तेलात शेंदूर कालवत होता. देवीचे पाय माखून झाले होते. मी बॅटरी वर धरली आणि ओरडलोच. हाराचा मणी न् मणी सुटा, ओठांच्या कोपऱ्यात हसू!

"अन् राक्षस?" आईने विचारले. देवीच्या मांडीवरचा शेंदराचा गोळा म्हणजे राक्षसाचे कापलेले मुंडके, असे सारा गाव सांगे. मी प्रकाश खाली आणला. तिथे मूल होते. गुबगुबीत, देवीचा हार मुठीत धरून बसलेले.

"अगं माय! हे तं पोरगं हाये! याले भेऊन मी दारातूनच पाया पडत होती!"

गुरव म्हणाला, "आत्याबाई, इथून वरचा शेंदूर गावच्या लेकीनं लावाचा असते. तुमच्याहून मोठी लेक आज गावात नाही."

"मी विधवा बाई..."

"लेकीचं कपाळ देवी पाहत नसते," गुरवाची बायको म्हणाली आणि तिने कापसाचा बोळा आईच्या हाती दिला.

आईने चेहरा डोळे भरून पाहिला, मग माखला. मुलापाशी मात्र हात थांबला. "याले नुसता टिळा लावते. पोरी भेतात."

"रीत पुऱ्या शेंदराची हाये, आत्याबाई."

"ते मुंडक्याची रीत होती. पोराले कायले बुजवता?"

गुरवाने मुलाकडे पाहिले, देवीकडे पाहिले, आणि वाटी खाली ठेवली.

एक्कावन्न रुपये त्याने घेतले नाहीत. लेकीकडून घेत नाहीत म्हणाला. उलट आईच्या पदरात खण आणि नारळ घातला. जिला पाहायला आम्ही एवढी धडपड केली, तिला आईने स्वतःच्या हाताने झाकले होते, तरी परतताना होती इतकी खुशीत मी आईला क्वचितच पाहिले असेल.

दिग्रसला रांग जागची हलली नव्हती. गाडीवाल्याने हाक मारली, "काय म्हणते देवी, आजी?"

"तिच्या मांडीवर लेकरू हाये रे बापा. सवड भेटली की पाह्यते म्हणे."

आसपासच्या गाड्यांवरही हशा उसळला. देवीचे एक्कावन्न माझ्याच खिशात राहिले. नारळ आईने त्या गाडीवाल्याला दिला.