फळीवरचे डावे बूट

दुकानात दिवसभर माझं तोंड चालू असतं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत मी बोलायला लागतो, आणि ते उतरून गेलं तरी माझं चालूच. बायको म्हणते, तुमच्या पोटात तीळ भिजत नाही. पण एक गोष्ट भिजलीय—भिजून, फुगून, तिथंच बसलीय. तिलाही सांगितलेली नाही. कोणालाच नाही. आज तुम्हांला सांगतोय, ते का, हे मला विचारू नका. मला ठाऊक नाही.

नंदुरबारात माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. लेझीम, शिट्ट्या, फुटबॉलचे ब्लॅडर, पण खरा माल म्हणजे पळणाऱ्या पोरांचा. कॅनव्हासचे बूट, मोजे, नाड्या, अर्ध्या चड्ड्या. स्पर्धांचे दिवस आले की शाळाशाळांचे सर पोरांना घेऊन येतात आणि मी त्यांना शहाणपण शिकवतो. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या चालण्यानं पाय फुगलेला असतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा सोडा. मोजा घातल्याशिवाय मापच घेऊ नका. नवा बूट घालून शर्यतीला उतरू नका, आठ दिवस आधी घालून मऊ करा. आणि आखूड बूट—आखूड बूट तर फुकट मिळाला तरी घालू नका! हे सांगताना माझा आवाज चढतो. सरांना वाटतं, काय तळमळीचा माणूस आहे. तळमळ कसली? आखूड बुटात पायाचं काय होतं, ते मी पाहिलंय.

महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. आमचं गाव तापीकाठी, प्रकाशा गावाच्या अलीकडं. आम्ही गुजर, घरात कापूस, केळी, बरं चाललेलं. शिकायला मी नंदुरबारच्या बोर्डिंगात होतो. गेमा तिथंच भेटला. काठी गावाच्याही वरचा, सातपुड्यातला. त्याच्या मोठ्या भावानं त्याला डोंगर उतरून आणून सोडलं होतं. आईबाप नव्हते, जो काही होता तो भाऊच. जाताना भाऊ त्याला एवढंच म्हणाला होता, सर सांगतील ते करायचं. बस. गेमानं ते असं धरलं होतं की सर उठ म्हणाले की उठायचा आणि बस म्हणेपर्यंत उभाच!

त्याची घरची बोली भिलोरी. आमच्यात राहून अहिराणी शिकला. मराठी मात्र फळ्यावर लिहिलेलं कळायचं, तोंडचं कळायचं नाही. त्यात आमचे ड्रिलचे सर पुण्याकडचे, बोलायचे भरभर. म्हणून सरांचं म्हणणं गेमाला मी सांगायचो, आणि गेमाचं सरांना. तो सरांकडं बघायचाच नाही, माझ्या तोंडाकडं बघायचा. "सर काय सांगतस?" असं मलाच विचारायचा. मी सांगीन तेच सरांचं बोलणं. यात मला मोठेपणा वाटायचा, खोटं कशाला सांगू?

आणि तो पळायचा. काय सांगू तुम्हांला त्याचं पळणं! मी एक मैलाच्या शर्यतीत शाळेत पहिला होतो, तो येईपर्यंत. तो आल्यावर मी त्याच्या टाचा बघत पळायला लागलो. भेगाळलेल्या, काळ्या टाचा. अनवाणी. हसतच शेवटची रेघ ओलांडायचा, आणि मी पोचलो की माझ्या पाठीवर हात ठेवायचा. त्याच्या मनात काही नसायचं हो. माझ्याच मनात होतं.

त्या वर्षी स्पर्धा पुढं ढकलल्या गेल्या आणि होळीच्या तोंडावर आल्या. तिकडं डोंगरात होळी म्हणजे आपल्यासारखी रंग उधळून संपणारी नव्हे. नवस असेल तो माणूस आधी काही दिवस पाळणूक धरतो. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, पायात काही घालायचं नाही. मग काठीला होळीपुढं कमरेला भोपळे-घुंगरं बांधून नाचायचं आणि नवस फेडायचा. गेमानं पाळणूक धरली होती. भाऊ झाडावरून पडला होता, डावा पाय सुजून काळा पडत चालला होता. पायासाठी पायाचा नवस. त्यानं हे बोर्डिंगात फक्त मला सांगितलं होतं.

बघा, मी अजून मुद्द्यावर येत नाहीये. येतो.

शर्यतीच्या आठवडाभर आधी माझे वडील, आबा, सुरतेहून कापूस विकून आले ते माझ्यासाठी कॅनव्हासचे पांढरे बूट घेऊन. गावभर सांगून मग बोर्डिंगात आले. शर्यत बघायला येतो म्हणाले, चार माणसं घेऊन येतो म्हणाले. मी बूट घातले, मैदानाला फेरी मारली, आणि गेमा अनवाणी माझ्या पुढं निघून गेला. आबा धोतराचा सोगा हातात धरून बघत उभे होते. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी धावणाऱ्या पोरांना उभं केलं आणि कोणाकडं बूट आहेत ते विचारलं. गेमाच्या पाळणुकीचं मीच सरांना सांगितलं. खरं तेच सांगितलं. सर म्हणाले, "मग अनवाणीच पळ म्हणावं त्याला. कोणाची हरकत नाही. पाय चांगले आहेत त्याचे."

गेमा माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी म्हणालो, "सर सांगतस, आपली शाळाना पोऱ्यासले बूट घाल्याबिगर पळू देवाव नही."

झालं. बुटाशिवाय पळू देणार नाहीत, एवढंच ते. सर समोर उभे होते, त्यांना अहिराणी कळत नव्हती, ते मान डोलावत होते. त्यांच्या डोलावलेल्या मानेनं माझं खोटं पक्कं झालं.

माझा हिशेब सरळ होता. तो बूट घालणार नाही, नाव काढून घेईल, मी पहिला येईन, आबा खूश. पाळणूक मोडावी असं माझ्या मनातही नव्हतं—पण मनात काय होतं याला काय चाटायचंय? दोन दिवस त्याचं जेवणात लक्ष नाही. मग माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मंग तुन्हा जुना बूट दे माले."

मी म्हणालो, नको पळू, राहू दे, पुढच्या वर्षी पळ. तो म्हणाला, सरांनी नाव दिलंय, आणि सरांचं ऐकायचं असं भावानं सांगितलंय. म्हणजे भावाचा शब्द पाळायला त्यानं भावाचाच नवस मोडायचा ठरवलं! तेव्हा सांगता आलं असतं. अगदी सोपं होतं—अरे, मी गंमत केली. चार शब्द. त्याऐवजी मी पेटीतून जुने बूट काढून त्याला दिले. ते मलाच आखूड झाले होते.

शर्यतीच्या रेघेवर दुसऱ्या शाळांची किती पोरं अनवाणी होती. गेमानं त्यांच्या पायांकडं बघितलं, मग आपल्या बुटांकडं. मला वाटलं, आता विचारेल. त्यानं विचारलं नाही. आपली शाळाच कडक, असं त्याला वाटलं असणार. बोटं दुमडून, लंगडत तो पळाला. मी पहिला आलो. आबांनी मला उचलून घेतलं, सोबतच्या माणसांनी गुलाल टाकला. आबांच्या खांद्यावरून मला मैदानाच्या कडेला गेमा दिसत होता, बूट काढत बसलेला. अंगठ्यांची नखं गेली होती. संध्याकाळी त्यानं ते बूट धुऊन, वाळवून मला परत आणून दिले. आतला डाग काही निघाला नव्हता.

काठीला तो मला घेऊन गेला. आधीच ठरलं होतं, म्हणून मी गेलो. मोरपिसांचे टोप घातलेली माणसं, घुंगरांचा आवाज, ढोल, पहाटे पेटलेली होळी. गेमानं भोपळे सुकवून, दोरीत ओवून ठेवले होते. त्यानं ते कमरेला बांधले नाहीत. नाचणाऱ्यांपासून लांब, माझ्याशेजारी बसून राहिला. पाळणूक मोडलेला माणूस कसा नाचणार? मी त्याच्या इतक्या जवळ बसलो होतो की कुजबुजलो असतो तरी ऐकू गेलं असतं. आणि मी काय केलं? ढोल छान वाजतोय म्हणालो.

पुढं भावाचा पाय धुळ्याला कापावा लागला. गुडघ्याच्या वर. गेमाची शाळा सुटली, नांगर त्याच्याकडं आला. मी नवस-बिवस मानत नाही. पाय सडला होता, तो जाणारच होता, असं मी स्वतःला हजारदा सांगितलंय. पण गेमा मानतो. भावाच्या पायाचं कसं झालं असं कोणी विचारलं तर तो सांगतो, मी बूट घातले म्हणून. मी माझ्या कानांनी ऐकलंय, अक्कलकुव्याच्या बाजारात. भाऊ कुबडीवर शेजारीच उभा होता. तो म्हणाला, जाऊ दे, पोर होतास तू.

मी दोघांच्या समोर होतो. दोघांना चहा पाजला.

आता गेमा वर्षातून एकदा माझ्या दुकानी येतो, भावासाठी बूट घ्यायला. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "एकच दे. उजवा." मी म्हणालो, जोडी घेऊन जा, मी काय एक विकतो का? त्यानं डावा काढून माझ्या हातात दिला. "हाऊ कसाले? ऱ्हाऊ दे, कोनले तरी कामले यी." अगदी मनापासून म्हणाला. मी त्याच्या पायांकडं बघितलं. त्या शर्यतीनंतर त्यानं पायात कधी काही घातलेलं नाही, उन्हाळ्यातल्या डांबरावरसुद्धा नाही. मी विचारलं, आणि तुला? तो हसला. "एकडाव घालात, तेच बस शे."

दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ते डावे बूट आहेत. गिऱ्हाईकं विचारतात, हे सुटे कसे? एवढा बोलघेवडा मी, पण तेव्हा मोज्यांचं खोकं शोधायला लागतो.

परवा गेमा पुन्हा येऊन गेला. यंदाचा डावा माझ्या हातात देऊन थांबला, पूर्वी सरांपुढं थांबायचा तसा माझ्या तोंडाकडं बघत. मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि बूट फळीवर ठेवला.