मध्येच सत्कार

ग्वाल्हेरच्या आमच्या उन्हाळी मराठी नाट्यमहोत्सवात एक काका असतात. मैदानावर पाणी मारणं, खुर्च्या पुसणं, कलाकारांना पन्हं देणं, ही कामं ते न सांगता करतात. म्हणून त्यांच्या एका खोडीवरून मी आजवर त्यांना काही बोलले नव्हते. पाहुणा दिसला की त्यांना दुसरं काही दिसत नाही. खिशातला कंगवा काढून ते केस सारखे करतात आणि शाल शोधायला धावतात.

यंदा मी बसवलेल्या नाटकात गावातल्याच थाटीपुर भागातली एक मुलगी आईची भूमिका करत होती. तिच्या घरी सगळे हिंदीच बोलतात. परीक्षा संपल्यापासून तिने मराठी संवाद माझ्यासमोर घोकले होते. प्रयोगात मुलाच्या प्रेतापाशी बसून ती बोलू लागली आणि मैदान गप्प झालं. तेवढ्यात उशिरा आलेले प्रमुख पाहुणे फाटकातून शिरले. काका हार घेऊन थेट रंगमंचावर.

"बेटा, दो मिनिट थांब हं!"

प्रेत झालेला नट उठला, धोतर झटकून अदबीने बाजूला उभा राहिला. शाल, श्रीफळ, भाषण, फोटो सगळं झालं. नंतर मुलीला पुढचं वाक्य आठवेना. हिंदीत काहीतरी बोलून ती रडत आत गेली.

मी काकांना विंगेतच गाठलं. "तुम्ही तिचं नाटक मारलंत."

"अहो ताई, पाहुणे नाराज झाले असते तर?"

"आणि ती?"

"ती तर आपली घरचीच आहे ना!"

त्यांच्या हातात तिच्यासाठी पन्ह्याचा पेला होता. मी तो हिसकावून घेतला आणि त्यांना आत जाऊ दिलं नाही.