कॅमेऱ्याचं बघून येते

घर बांधायला काढलं तेव्हा नवरा मालवाहू बोटीवर होता आणि मी गावात सासऱ्यांबरोबर. घरात आम्ही दोघंच. जाताना नवरा डिजिटल कॅमेरा माझ्या हातात ठेवून गेला. पहिल्या सफरीवरून आणलेला, चंदेरी, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, चार सेलवर चालणारा. रोज संध्याकाळी चार वाजता, गवंडी हात धुवायच्या आधी, प्लॉटवर जायचं, दिवसभरात झालेल्या कामाचे फोटो काढायचे, आणि आठवड्यातून दोनदा एसटीने मालवणला जाऊन कॅफेतून ते त्याला पाठवायचे. हे माझं काम ठरलं.

फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटायची. ती बंद करायची सोय होती, पण ती बंद करायची नाही असं मला बजावून सांगितलेलं. म्हणजे सोमवारी जाऊन तीन दिवसांचे फोटो उरकून घेतले असं चालायचं नाही. मंगळवारची भिंत मंगळवारीच टिपली पाहिजे. अंगात ताप असो, दारात पाहुणे असोत, चारला मी प्लॉटवर. गवंडी मला बघून घड्याळ लावायचे असं चेष्टेत म्हणायचे. मीही हसायचे. मनातून मात्र त्या नारिंगी आकड्यांचा इतका राग यायचा की कॅमेरा विहिरीत टाकावासा वाटे.

बी.ए. झालेली मी. लग्नानंतर एकदा फोनवर विचारलं होतं, कुठे शिकवायला जाऊ का. नवरा म्हणाला, तुका काय कमी आसा? कमी काहीच नव्हतं. विषय तिथे संपला.

दिवाळीनंतर कॅमेरा आजारी पडला. बटण दाबलं की भिंग अर्धं बाहेर यायचं, कुरकुरायचं आणि तिथेच अडकायचं. सेल बदलले, फुंकर मारली, उन्हात ठेवला. काही नाही. मग मालवणला घेऊन गेले. फोटो स्टुडिओवाल्याने हातात घेऊन उलटासुलटा केला आणि हे आपल्याकडचं काम नव्हे म्हणून परत दिला. नवऱ्याला कळवायला कॅफेत गेले. कॅफेला लागूनच मुलींचा कॉम्प्युटर क्लास होता, दोन्ही चालवणारी बाई एकच. फोटो पाठवता पाठवता माझा हात त्या यंत्रावर चांगला बसलेला तिने पाहिला होता. तिची शिकवणारी मुलगी लग्न होऊन गेली होती. ती म्हणाली, दुसरं कोणी मिळेपर्यंत दुपारी तीन ते पाच सांभाळता का?

मी हो म्हणून टाकलं. कोणाला विचारलं नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर पिशवीत कॅमेरा टाकला आणि सासऱ्यांना सांगितलं, कॅमेऱ्याचं बघून येते. त्यांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तर मी चप्पल घालायला लागले तेव्हा सासरेच म्हणाले, कॅमेऱ्याचा बघूक चललंस? बिघडलेला कॅमेरा म्हणजे माझा परवाना झाला.

क्लासात नऊ मुली होत्या. बहुतेक किनाऱ्यावर रापणीची जाळी ओढणाऱ्या रापणकरांच्या घरच्या. सकाळी आईबरोबर मासळीच्या टोपल्या उचलून, आंघोळी करून, केसांना तेल लावून यायच्या. माउसवर हात ठेवायच्या तो असा की जिवंत कुर्ली धरलीय आणि ती नांगी मारील. मला टीचर म्हणायच्या. घरी मी सून होते, प्लॉटवर वहिनी. टीचर हा शब्द एसटीत परतताना मी मनात घोळवत बसायचे, कधी कधी थांबा मागे जायचा. चार वाजले की हात अजून पिशवीतल्या कॅमेऱ्याकडे जायचा, आणि मग आठवायचं की आज कुठली भिंत टिपायची नाही. इतकं सुख मला सोसवत नव्हतं.

तीन आठवड्यांनी नवऱ्याचा फोन आला. तो म्हणाला, टाकून द्या तो डबा, मुंबईहून एका मित्राबरोबर आठ दिवसांत नवा पाठवतो. सासऱ्यांना ते पटेना. मुलाने बोटीवरून आणलेली पहिली वस्तू, ती टाकायची कशी? दुरुस्त का नको? दोघांचं फोनवर वाजलं. मी चुलीपुढे बसून ऐकत होते. नवा आला तर आठ दिवस. दुरुस्ती निघाली तर महिना, दोन महिने, देव जाणे किती. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते? कॅमेरा असाच मेलेला राहू दे, असं?

आमच्याकडे घरात दोन मतं झाली की देवाला विचारतात. विहीर कुठे खणावी, होडी कोणाला विकावी, सगळं. त्यात कॅमेऱ्याची भर पडली. सासरे स्लॅबचा दिवस विचारायला देवळात जाणार होते, तेव्हा म्हणाले, ह्या पण इचारून टाकूया. मी तेलाची बाटली घेऊन मागोमाग गेले. गुरवाने देवाच्या काळ्या पाषाणाला उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर दुरुस्ती, डावी पडली तर नवा. तिसरी पाकळी नव्हती. मनात आलं, माझ्यासाठी पण एक चिकटव रे बाबा, कुठे तरी पाठीमागे.

पाकळ्या पडेनात. अर्धा तास गेला. गुरव पुन्हा गाऱ्हाणं घालायचा, सासरे हात जोडून उभे, आणि मी त्या उजव्या पाकळीकडे डोळे लावून. आयुष्यात इतक्या कळकळीने मी देवाला कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. मग उजवी सुटली, घरंगळली, खाली पडली. सासरे मला म्हणाले, "देवान दुरुस्त करूक सांगितल्यान."

मी बाटलीतलं सगळं तेल दिव्यात ओतलं. देव माझ्या बाजूचा निघाला होता.

आता देवाने दुरुस्त कर म्हटल्यावर तो कॅमेरा नुसता पिशवीत फिरवण्याएवढी माझी छाती नव्हती. कुडाळला स्टेशनकडे एक रेडिओ-टीव्हीवाला आहे, तो असली नाजूक कामं करतो, हे सासऱ्यांनीच शोधून काढलं. बाजाराच्या दिवशी मी गेले. वाटभर हिशेब एकच: मुंबईहून पार्ट मागवावा लागेल म्हणाला पाहिजे. पार्ट मिळतच नाही म्हणाला तर त्याहून उत्तम.

त्याने सेलचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि हसला. समुद्राजवळ राहता का, म्हणाला. आतल्या पत्र्यांवर हिरवा गंज चढला होता. पॉलिश पेपरचा तुकडा गुंडाळून त्याने तो खरवडला, कापसाने पुसला, नवे सेल घातले. भिंग सुळकन बाहेर आलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी त्याला विचारलं की नक्की ना, परत बंद नाही ना पडणार? त्याला वाटलं मी काळजीने विचारतेय. बघा तर, असं म्हणून त्याने कॅमेरा माझ्याकडे रोखला आणि बटण दाबलं.

"तारीखपण लावून दिली हां, वहिनी," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत मी रडले. खिडकीकडे तोंड करून, पदर लावून, चांगली रडले. मग डोळे पुसून कॅमेरा काढला आणि तो फोटो पाहिला. त्या कॅमेऱ्यातले शेकडो फोटो मी काढलेले, त्यात फक्त मीच कुठे नव्हते. भिंती, खिडक्यांच्या चौकटी, सासरे, वाळूचा ढीग. आणि ही एक बाई, काउंटरपाशी, पिशवी छातीशी धरलेली, जरा दचकलेली, पण दिसायला बरी. कुठे तरी जायची घाई असल्यासारखी. खाली नारिंगी आकडे. पुसायचं बटण मला ठाऊक होतं. बोट त्याच्यावर ठेवलं होतं, आणि उचललं.

घरी सांगितलं, पार्ट मुंबईहून यायचाय.

पुढचे दोन महिने मी चालता कॅमेरा पिशवीत घालून तो बिघडलाय म्हणून मालवणला जात राहिले. देवळापुढून जाताना मान वर करत नसे. देवाचा शब्द मी पाळलाही होता आणि मोडलाही होता, आणि कुठल्या खात्यात पकडली जाईन ते कळत नव्हतं. पण तीन वाजता नऊ मुली उठून उभ्या राहायच्या आणि मला तेवढं पुरायचं. एकीने तर आईच्या नावाने पत्र टाइप करून छापून घरी नेलं. आईला वाचता येत नव्हतं. तिने ते देव्हाऱ्यात ठेवलं.

शिमग्याला नवरा अचानक आला. पाठवायचा राहिलेला नवा कॅमेरा सोबत घेऊन. जेवण झाल्यावर पडवीत बसून त्याने जुना मागितला. मी म्हटलं, कालच मिळाला दुरुस्त होऊन. त्याने सेल घातले आणि एकेक फोटो सरकवायला लागला. भिंत, भिंत, जिना, भिंत. मी ताटं उचलत होते. ताटं उचलता उचलताच मला आठवलं.

"ह्यो फोटो कोणी काढल्यान?"

दुरुस्तीवाल्याने, मी म्हटलं. तो तारखेकडे बघत राहिला. सासरे वाकून बघायला आले, चष्मा लावला, आकडे वाचले, आणि त्यांचा चेहरा उजळला. बघ, कॅमेरो तेव्हाच झालेलो बरो, म्हणाले. देवाचा कौल खरा ठरला याचाच त्यांना आनंद. बाकीचं त्यांच्या ध्यानात आलंच नाही.

"मगे इतके दिवस तू खंय जाय होतंस?"

शिकवूक, मी म्हटलं. तो ओरडला असता तर मी भांडले असते, भांडायची तयारी दोन महिने करत होते. तो ओरडला नाही. आत जाऊन नव्या कॅमेऱ्याचा खोका घेऊन आला आणि कोणतं बटण कशाचं ते मला शांतपणे समजावून सांगितलं. तारीख आधीच लावलेली होती. दुसऱ्या दिवशी तो स्वतः मालवणला जाऊन क्लासच्या बाईला सांगून आला की दुसरी कोणी बघा.

चार वाजता मी परत प्लॉटवर. गवंडी म्हणाले, वहिनी, खूप दिवसांनी.

नवा कॅमेरा मी समुद्राकडच्या खिडकीत ठेवायचे. सेलचं झाकण उघडं टाकायचे. एका पावसाळ्यात तर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. वरचा स्लॅब ओतून झाला, गिलावा झाला, रंग झाला, आम्ही राहायला गेलो, घराला शेवाळ धरलं. तो काही बिघडला नाही.