नारळ मी खोवले होते

मी बोटीवर नोकरीला होतो. एका बंदरात केलेल्या चुकीने मला एचआयव्हीची लागण झाली. रत्नागिरीला निदान झालं तेव्हा बायकोची तपासणी निगेटिव्ह आली. माझ्या रक्तातला विषाणू औषधांनी दबेपर्यंत तिने रोज एक प्रतिबंधक गोळी घ्यायची, असं डॉक्टर म्हणाले. ती निमूट घेऊ लागली.

गावच्या घरी वहिनीने तिची गोळ्यांची बाटली पाहिली. फोटो काढून ओळखीच्या मेडिकलवाल्याला दाखवला. ‘एचआयव्हीची गोळी’ एवढंच तो बोलला. झालं, आजारी ती ठरली. दादाने मला परसात गाठलं. "अरे, असली बाई घरात ठेवलीस कशाला?" मी गप्प बसलो. माझं पाप तिच्या नावावर चढू दिलं.

गणपतीत आमच्याकडे सगळ्या जावा मिळून मोदक वळतात. हिच्या पाकळ्या सगळ्यांत नाजूक. वहिनीने तिला दारातच अडवलं, "तू नको गो शिवूस. देवाचं आहे." नारळ मात्र नेहमीसारखे माझ्यापुढे आले. विळीवर खोवताना मी मनात म्हणत होतो, थांबा, दाखवतो तुम्हाला.

नैवेद्य झाला, पंगत बसली. दादाने आणखी एक मोदक फोडून त्यावर तूप घेतलं, तेव्हा मी बोललो. "दादा, आजार मला आहे. तिला नाही. तिला होऊ नये म्हणून ती गोळी घेते. आणि हे नारळ मी खोवलेत."

दादाचा हात ताटातच राहिला. काकांनी तोंडातला घास काढून टाकला. जेवणातून हा आजार होत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, पण मी ते सांगितलं नाही. त्यांचे चेहरे बघत बसलो. फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, दादाला मी अजून माफ केलेलं नाही आणि तो चेहरा आठवला की आजही बरं वाटतं.

बायको पडवीतून उठून दारापर्यंत आली. "जेवा सगळे. खाण्यातून काही होत नाही." मग माझ्याकडे वळली. "मला नावं ठेवत होते तेव्हा तुमचं तोंड शिवलेलं. यांना घाबरवायला बरं उघडलं."

वहिनी ओशाळून म्हणाली, "आत ये गो, पान वाढते."

"नको वहिनी. इथेच द्या."

ती पडवीत एकटी जेवायला बसली. मी माझं ताट घेऊन शेजारी गेलो, तर पाट ओढून लांब सरकली.