मुखरू प्रॉम्प्टरचं पहिलं पान

सावरटोल्याच्या मुखरू गुरनुलेंची कादंबरी छापून आली, तेव्हा गावाला पहिला प्रश्न पडला तो हा, की हा माणूस एवढं बोलला कधी?

प्रश्न अगदीच वावगा नव्हता. मुखरूभाऊंनी झाडीपट्टीच्या नाटकांत बावीस हंगाम प्रॉम्प्टिंग केलं. धान घरात आलं की या भागात नाटकं सुरू होतात. वडशाच्या ज्या कंपनीत ते होते, तिचा नायक धनराज दिसायला राजबिंडा, गळ्यानं गोड आणि पाठांतराच्या नावानं बोंब. मुखरूभाऊंनी विंगेत बसून एक वाक्य कुजबुजायचं आणि थांबायचं. धनराजनं ते गर्जून म्हणायचं. मग पुढचं वाक्य. टाळ्या अर्थात धनराजला. असं बावीस वर्षं केल्यावर मुखरूभाऊंचा आवाज इतका खाली गेला, की घरी मीठ मागितलं तरी काहीतरी गुपित सांगतायत असं वाटायचं.

नाटकं चार-पाच महिने. बाकीच्या दिवसांत त्यांनी काय केलं नाही ते विचारा! उन्हाळ्यात एटापल्लीकडे बिड्यांसाठी तेंदूपत्ता गोळा होतो, तिथं ते पानांचे पुडे मोजणारे मुन्शी होते. तिथल्या पानं तोडणाऱ्या बाया जंगलात जाताना गात. त्यातली बुधरी नावाची एक बाई गाता गाता मध्येच हसायची. ते हसू मुखरूभाऊंनी मनात जपून ठेवलं, पुढं कामी आलं.

मग दोन वर्षं ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कंत्राटी काम. कविता त्यांना तिथं सुचू लागल्या. यंत्रांचा एवढा गोंगाट, की शेजारच्याला काही ऐकू जायचं नाही. तिथं हा गृहस्थ छाती भरून स्वतःच्या कविता म्हणायचा. कोणी ऐकणार नाही अशी खात्री असली की आवाज कसा मोकळा होतो बघा!

त्यानंतर अहेरीला, कचेऱ्यांसमोरच्या कडुलिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणं. एका म्हाताऱ्याचा रेशनकार्डाचा अर्ज त्यांनी असा रंगवला, की साहेबानं त्याला आत बोलावलं आणि विचारलं, "बाबा, मग त्या बैलाचं पुढं काय झालं?" कार्डाचं काम राहिलं बाजूला. त्या दिवशी मुखरूभाऊंनी टेबल आवरलं आणि कादंबरी लिहायला घेतली.

लिहिण्याची पद्धत मात्र नाटकातलीच. सकाळी बायको सुगंधाबाई चुलीपुढं बसली की हे वही गुडघ्यावर घेणार, मान खाली, एक वाक्य कुजबुजणार आणि थांबणार. सुगंधाबाई शाळेची पायरी न चढलेली. भाकर थापत तिनं ते वाक्य मोठ्यानं म्हणायचं. न अडखळता म्हणाली तर वाक्य राहिलं. अडखळली तर काट मारली.

"हे काय लिवलं जी? असं कोनी बोलते का?" ती म्हणायची. काट!

तीन वर्षं रोज हेच चाललं. काही भाकरी करपल्या, पण कादंबरी झाली.

चंद्रपूरला सत्कार झाला. मुखरूभाऊ माईकसमोर उभे राहिले आणि वाचू लागले, तर माईकवाला तार तुटली समजून पळत आला. शेवटी दुसऱ्याच कोणीतरी पुस्तक हातात घेऊन वाचलं. टाळ्या झाल्या, शाल मिळाली, आणि मुखरूभाऊ हिरमुसले होऊन घरी आले.

मग गावानं कार्यक्रम ठरवला, रविवारी सकाळी, शाळेच्या मैदानात. धनराजनं लगेच सांगून टाकलं, "वाचाचं मायाकडं लागलं भाऊ. तुम्ही फक्त बसा."

सुगंधाबाई उसळली. "दुसऱ्यानं वाचलं तं मी मांडवात पाय ठेवनार नाई. तुमचं पुस्तक मले तुमच्याच तोंडून आयकाचं आहे."

"मले नाई जमत वो. समोर मानसं दिसले का आवाजच नाई निघत."

"मंग मी घरीच राह्यते."

झालं! तिच्याशिवाय तो मांडव मुखरूभाऊंना नको होता, आणि मांडवासमोर तोंड उघडणं जमणारं नव्हतं. तीन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी मांडव गच्च भरला. सुगंधाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली, नवऱ्यावर डोळे रोखून. मुखरूभाऊंना उभं राहवेना, तेव्हा धनराजनं खुर्ची दिली. ते बसले. पुस्तक आपोआप गुडघ्यावर गेलं, मान खाली झाली, आणि सवयीनं जे व्हायचं तेच झालं. त्यांनी पहिलं वाक्य कुजबुजलं आणि ते थांबले.

मागून कोणी ओरडलं, "आवाज नाई येऊन राह्यला!" मुखरूभाऊंच्या कपाळावर घाम. पुढचं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना, कारण पहिल्या वाक्याला अजून कोणी आवाजच दिला नव्हता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"बुधरी जंगलात निघाली, तवा टोपली रिकामी होती अन् गळ्यात गानं होतं."

सुगंधाबाई उभी होती. आपण उभ्या आहोत हे तिलाही कळलं नसावं. मुखरूभाऊंनी मान वर न करता दुसरं वाक्य दिलं.

"वाटंत वाघाचा माग दिसला. तिनं टोपली नाई ठेवली, गानं तेवढं थांबवलं."

आता मागून कोणी ओरडेना. धनराज तोंड उघडं टाकून बघत राहिला. "बाप्पा! मले बावीस वर्षांत एक पान पाठ झालं नाई जी!" मांडवात हशा पिकला. त्या हशानं मुखरूभाऊंची मान वर झाली. समोर माणसं होती, पण त्यांना दिसली ती एकटी सुगंधाबाई. पुढचं वाक्य त्यांनी असं दिलं, की शेवटच्या रांगेतल्यांनाही ते ऐकू गेलं. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, आणि ते आनंदानं हसले.

पान संपलं, तेव्हा नाटकात देतात तसा "वन्स मोअर" मांडवानं दिला. सुगंधाबाई भानावर आली, लाजून तिनं पदर तोंडाला लावला. पण खाली काही बसली नाही.

"थांबले काऊन जी?" ती म्हणाली. "द्या ना पुढचं."